चिकित्सक महाभारताचें द्रव्यबळ व मनुष्यबळ : एक परीक्षण

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांत पाठनिर्णयाचा ऊहापोह विपुल आहे. कोणता श्लोक गाळला, कोणता ठेवला, दाक्षिणात्य प्रतींस किती मान द्यावा, या प्रश्नांवर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्चिली. परंतु १९१९ पासून १९६६ पर्यंत सत्तेचाळीस वर्षें हें काम कोणाच्या पैशानें, कोणत्या माणसांच्या हातून आणि कोणाच्या सल्ल्यानें चाललें, याचें परीक्षण त्या मानानें थोडें झालें आहे. आम्ही प्रस्तुत लेखांत त्या आवृत्तीची परीक्षा याच बाजूनें करणार आहों.

तसें करण्यास एक निमित्त घडलें. पौड खोऱ्यांतील घरोघरच्या मोडी कागदांचें सामुदायिक संशोधन करण्याची एक टंकलिखित योजना अलीकडे आमच्याकडे अभिप्रायार्थ आली. ती कोणा इतिहासज्ञानें लिहिलेली नाहीं. संशोधनाच्या योजना आंखून देणें व त्यांस द्रव्य मिळवून देणें हाच ज्यांचा व्यवसाय, अशा सल्लागारांनीं ती रचलेली आहे. असा व्यवसाय असूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. अर्ज वकिलानें लिहिला म्हणून दावा खोटा ठरत नाहीं. परंतु ज्यांच्या माळ्यावर ते रुमाल आहेत तीं माणसें आम्हांस विचारीत आहेत कीं, 'गुरुजी, द्यावे कीं न द्यावे?' या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं, जी योजना खरोखर तडीस गेली तिच्याशीं ही ताडून पाहणें आम्हांस अवश्य वाटलें.

महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याची कल्पना मूळची पुण्याची नव्हे. १८९७ सालीं पॅरिस येथें भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेंत विंटरनिट्झ यांनीं ती मांडली. पुढें १९०४ मध्यें युरोपांतील विद्वत्संस्थांच्या संघानें ती उचलली, आणि १९०८ त ल्यूडर्स यांनीं आरंभींच्या भागाचा एक छोटासा नमुना छापून दाखविला. एवढ्यांत १९१४ चें महायुद्ध आलें आणि ज्या राष्ट्रांनीं एकत्र बसून पाठ जुळवावयाचे, तीं एकमेकांवर तोफा डागूं लागलीं. तथापि त्या योजनेच्या अपयशाचा सर्व भार युद्धावर घालणें आम्हांस पटत नाहीं. तिच्यांत विद्या होती, द्रव्य मिळण्याची आशाही होती. पण हस्तलिखितें हिंदुस्थानांत आणि कामकरी मंडळी युरोपांत, अशी तिची ठेवण होती. ज्या घरीं पोथी आहे त्या घराशीं योजनेचा संबंध काय, याचा विचार तिच्यांत गौण राहिला होता. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पौडच्या योजनेंत तीच वेगळ्या वेषानें पुन्हा येते.

संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजीं, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं झाली. बूलर, कीलहॉर्न, पीटरसन व स्वतः भांडारकर यांनीं मुंबई सरकारसाठीं जमविलेला आणि पूर्वीं डेक्कन कॉलेजांत असलेला हस्तलिखितसंग्रह या मंदिराच्या स्वाधीन झाला. म्हणजे द्रव्याआधीं पोथ्या आल्या. १९१८ च्या जुलैंत औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताची सचित्र व चिकित्सक आवृत्ति काढावी अशी सूचना करून एक लाख रुपयांचें वचन दिलें, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं डॉ. भांडारकरांच्या हस्तें कामाचा आरंभ झाला.

येथें 'सचित्र' या विशेषणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. श्रीमंत स्वतः चित्रकार होते. त्यांची हौस चित्रांची, पंडितांची हौस पाठभेदांची. आदिपर्वाच्या मुखपृष्ठावर प्राचीन नमुन्यांवरून श्रीमंतांनीं ग्रंथ सचित्र केल्याचा उल्लेख आहे आणि आंत त्यांचीं चित्रेंही आहेत. आज पाठचिकित्सेच्या दृष्टीनें त्या चित्रांस महत्त्व नाहीं, हें स्पष्ट बोलण्यास हरकत नसावी. परंतु देणगीदारानें आपली हौस चित्रांत पुरविली आणि श्लोकांत हात घातला नाहीं, हा या व्यवहाराचा विशेष होय. कोणता श्लोक प्रक्षिप्त ठरवावा हें औंधच्या दरबारांत ठरलें नाहीं. नीलकंठी पाठ ज्यांच्या नित्य पाठांत होता अशा त्या काळच्या धर्मनिष्ठ समाजांत, मूळ संहितेंतून शेंकडों श्लोक तळटिपांत जाणार हें ठाऊक असतां एका संस्थानिकानें लाख रुपये द्यावे व मागाहून कुरकुर करूं नये, याला आम्ही त्या दानापेक्षांही मोठें दान समजतों. पुढें मुंबई सरकार, हिंदुस्थान सरकार, बडोदें, म्हैसूर इत्यादिकांनीं साह्य केलें. हैदराबादच्या निजामांचेंही साह्य झालें. मंदिराच्या आवारांतील अतिथिगृह आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. महाभारतासाठीं निजामांनीं पैसा दिला, ही गोष्ट सांगितली म्हणजे आमच्या गांवांतील तरुण मंडळी अद्याप चकित होतात.

द्रव्य आलें म्हणजे काम चालूं लागलें असें मात्र झालें नाहीं. पहिलीं सहा वर्षें चांचपडण्यांत गेलीं. त्या काळांतील हातीं लागणारें मुख्य फळ म्हणजे उटगीकर यांनीं सिद्ध केलेली विराटपर्वाची १९२३ ची परीक्षार्थ आवृत्ति. हिला अनेक जण अपुरा प्रयत्न म्हणून बाजूस सारतात; आमचें मत याच्या उलट आहे. मोठ्या कार्याच्या आरंभीं एक पर्व छापावें, तें देशोदेशींच्या जाणत्यांकडे धाडावें, दोष ऐकून घ्यावे आणि मग पद्धति निश्चित करावी, यासारखा शहाणपणाचा खर्च दुसरा नाहीं. १९२५ च्या ऑगस्टांत विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं प्रमुख संपादकत्व स्वीकारलें तेव्हां त्यांना कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागला नाहीं. काय टाळावयाचें हें त्यांच्यापुढें छापील स्वरूपांत होतें. १९२७ त आदिपर्वाचा पहिला भाग निघाला आणि १९३३ त तें पर्व विस्तृत उपोद्घातासह पूर्ण झालें.

सल्ल्याचा प्रश्न येथेंच उपस्थित होतो. फ्रान्सचे प्रसिद्ध पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनीं पहिले भाग पाहून असा सल्ला दिला कीं, प्राचीनतम संहितेच्या पुनर्घटनेचा नाद सोडावा, नीलकंठाची प्रचलित संहिता छापावी आणि इतर सर्व प्रतींचे पाठभेद खालीं द्यावे. सल्ला देणारा लहान माणूस नव्हता, आणि सल्ला सोयीचाही होता. तो मानला असता तर काम लवकर उरकलें असतें व टीकाही थोडी झाली असती. सुखटणकरांनीं तो मानला नाहीं. प्रचलित संहिता ही अनेक परंपरांची सरमिसळ असल्यामुळें तिच्या पायावर रचलेला पाठभेदसंग्रह अभ्यासकास उपयोगी पडण्याऐवजीं त्याची दिशाभूलच करील, असें त्यांचें थोडक्यांत म्हणणें. आपण सिद्ध करीत आहों ती व्यासांच्या मुखांतील संहिता नव्हे, तर उपलब्ध प्रतींच्या आधारें जेथवर पोंचतां येतें तेथवरचें प्राचीन रूप होय, हेंही त्यांनीं नि:संदिग्धपणें सांगितलें. सुखटणकर आधीं केंब्रिज येथें गणित शिकलेले व मग बर्लिनास ल्यूडर्स यांच्या हाताखालीं तयार झालेले होते. त्यांच्या उपोद्घातांत जी शिस्त दिसते तींत या दोन्ही शिक्षणांचा वांटा असावा असें आम्हांस वाटतें. बाहेरचा सल्ला घ्यावा, छापील उत्तर द्यावें, आणि निर्णय ज्याच्या हातीं प्रती आहेत त्यानें करावा, असा हा क्रम होता.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आदिपर्वाच्या दोनशें पस्तीस प्रती ज्ञात होत्या. त्यांपैकीं देवनागरी एकशें सात, बाकीच्या बंगाली, ग्रंथ, तेलुगु, मलयाळी, नेपाळी, शारदा इत्यादि लिप्यांच्या. प्रत्यक्ष उपयोगांत सुमारें साठ घेतल्या. मिलानासाठीं खास आंखलेले कागद असत. वरच्या ओळींत प्रचलित संहितेचा श्लोक एकेका चौकटींत एकेक अक्षर याप्रमाणें लिहावयाचा, आणि खालीं प्रत्येक प्रतीचा भिन्न पाठ नेमक्या त्याच अक्षराच्या चौकटींत उतरवावयाचा. या साध्या युक्तीचें महत्त्व ज्यांनीं स्वतः पोथ्या ताडून पाहिल्या आहेत त्यांसच कळेल. तंजावरास बसलेला शास्त्री ग्रंथलिपींतील प्रत वाचीत आहे, शांतिनिकेतनांत दुसरा बंगाली प्रत वाचीत आहे. दोघांची भेट कधीं झालेली नाहीं. तरीही दोघांचे कागद पुण्यांत एकावर एक ठेवतां अक्षराखालीं अक्षर येतें. 'सामुदायिक' या शब्दाचा अर्थ आम्ही असा करितों. सभांची संख्या, करारपत्रें व एकाच पानावर छापलेलीं पांच संस्थांचीं बोधचिन्हें यांनीं समुदाय होत नाहीं. समान आंखणीच्या कागदानें होतो.

याच आंखणीमुळें पर्वें निरनिराळ्या हातीं सोपवितां आलीं. विराटपर्व रघुवीर यांनीं १९३६ त, उद्योगपर्व सुशीलकुमार दे यांनीं १९४० त पुरें केलें. सभापर्व अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनीं संपादिलें. आरण्यकपर्व १९४२ त सुखटणकरांनींच सिद्ध केलें, आणि २१ जानेवारी १९४३ रोजीं ते निवर्तले. येथें योजनेची खरी कसोटी होती. एका माणसाच्या तेजावर उभें असलेलें काम त्याच्या मागें विझतें, हें महाराष्ट्रांत आपण वारंवार पाहिलें आहे. महाभारत विझलें नाहीं. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनीं भीष्म व शांति हीं अवघड पर्वें पार पाडलीं. पुढें परशुराम लक्ष्मण वैद्य प्रमुख संपादक झाले. वेलणकर, परांजपे, करमरकर, दांडेकर यांनीं आपापलीं पर्वें दिलीं. आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत एकोणीस खंडांच्या पूर्तीची घोषणा झाली. सर्व मिळून बाराशें एकोणसाठ हस्तलिखितें उपयोगांत आलीं. हरिवंशाचे खंड त्यानंतर निघाले.

दोष नाहींत असें नव्हे. मुख्य दोष आमच्या मतें असा कीं, ज्या शास्त्रीमंडळींनीं वर्षानुवर्षें त्या चौकटी भरल्या त्यांचे आभार प्रस्तावनांतून मानलेले असले, तरी आज महाभारताचे संपादक कोण असें विचारलें तर सुखटणकर, बेलवलकर, वैद्य हीं नांवें येतात आणि मिलान करणाऱ्यांचें एकही नांव कोणाच्या ओठीं येत नाहीं. दुसरा दोष मुदतीचा. देणगीदारास अपेक्षित असलेला काळ आणि लागलेला काळ यांत पिढीचें अंतर पडलें. लाख रुपयांनीं सर्व होईल ही आरंभींची कल्पना फोल ठरली, आणि मध्यंतरीं संपादकांस पाठ जुळविण्याइतकाच वेळ वर्गणी जुळविण्यांत घालवावा लागला. द्रव्यसाह्य मिळवून देणारा जाणता सहायक त्या वेळीं मंदिरास असता तर बरें झालें असतें, हें सल्लागारांच्या बाजूनें आम्ही मोकळेपणें मान्य करितों.

पोथ्यांच्या संग्राहकांस मात्र या इतिहासांतून एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आदिपर्वाच्या संहितेस ज्या एका प्रतीचा मोठा आधार मिळाला ती काश्मिरांतील भूर्जपत्रावरील शारदा लिपीची प्रत होय. बूलर यांनीं ती १८७५-७६ च्या फेरींत मुंबई सरकारसाठीं मिळविली. ती मिळवितांना चिकित्सक महाभारताची कल्पनाही कोणी मांडलेली नव्हती; पन्नास वर्षें ती कपाटांत स्वस्थ पडून होती. उलट दुसरी गोष्ट नेपाळची. आदिपर्व छापून झाल्यावर राजगुरु हेमराज पंडित यांच्याकडून एक अतिप्राचीन प्रत उजेडांत आली. सुखटणकरांनीं १९३८ च्या सुमारास तिचें परीक्षण प्रसिद्ध केलें, आणि पुण्यांत बसून अनुमानानें निश्चित केलेल्या पाठांस तिनें पुष्कळ ठिकाणीं पुष्टि दिली. एक प्रत कामाच्या पन्नास वर्षें आधीं आली, दुसरी काम झाल्यावर. तीन वर्षांच्या मुदतींत दोहोंपैकीं एकही बसली नसती.

याच काळांत पुण्यांत दुसरें एक मोठें काम अगदीं निराळ्या रीतीनें झालें. पेशवे दप्तरांतील सुमारें पस्तीस हजार रुमालांतून निवडक कागद काढून १९३० ते १९३४ या अवधींत पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. संपादक गोविंद सखाराम सरदेसाई, पैसा सरकारचा आणि पाठीशीं सल्ला यदुनाथ सरकार यांचा. सरदेसाई आमच्या डोंगरांपलीकडे कामशेतास राहत, म्हणून मावळांतील लोकांस त्यांच्याविषयीं आपलेपणा आहे, आम्हांसही आहे. पांच वर्षांच्या आंत एवढें काम उरकणें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु हें दप्तर सर्व अभ्यासकांस खुलें व्हावें अशी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या लोकांची जुनी मागणी असतां, त्यांना बाहेर ठेवून निवड एकाच दृष्टीनें झाली. वेचा छापला गेला, पण त्याच्या अलीकडचा व पलीकडचा कागद कोणता हें वाचकास कळण्याची सोय राहिली नाहीं. महाभारताचे पाठभेद तळटिपांत असल्यामुळें संपादकाचा निर्णय न पटणाऱ्यास दुसरा निर्णय करतां येतो. पेशवे दप्तराच्या वेच्यांत न निवडलेला कागद पाहावयाचा तर पुन्हा रुमालच सोडावा लागतो. सल्ला उत्तम, संपादक उत्तम, द्रव्य भरपूर, उणीव समुदायाची. आणि समुदाय असूनही काळ न पुरण्याचें उदाहरण डेक्कन कॉलेजांतील संस्कृत महाकोशाचें. १९४८ त काम सुरू झालें, पहिला भाग १९७६ त निघाला, आणि तिसाहून अधिक भाग होऊनही तो अकाराच्या प्रदेशांतच आहे. कोणी यास हंसतात. आम्ही हंसत नाहीं. चिठ्ठ्यांचें भांडार एकदां नीट रचलेलें असलें म्हणजे पुढची पिढी तेथून उचलूं शकते.

आतां पौडची योजना. पौड खोरें हें बारा मावळांपैकीं एक, ढमाले देशमुखांचें. येथील देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या घराण्यांतून वतनपत्रें, महजर, निवाडे, हिशेबाचे बंद अजून निघतात. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मुळशीचा सत्याग्रह झाला, तरी टाटा कंपनीचें धरण झालेंच आणि मुळेच्या कांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. उठलेलीं कुटुंबें पांगलीं, त्यांचे कागदही त्यांच्याबरोबर पांगले. अलीकडे शहर चांदणी चौक ओलांडून इकडे आलें आहे. जुने वाडे पाडले जात आहेत आणि माळ्यावरचे रुमाल रद्दींत जाण्याचा धोका रोजचा आहे. केंद्र सरकारनें २००३ त पांडुलिपींसाठीं राष्ट्रीय योजना काढली होती. २०२५ च्या अर्थसंकल्पांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचें सर्वेक्षण व जतन करण्यासाठीं 'ज्ञानभारतम्' नांवाचें नवें कार्य जाहीर झालें. अशा वेळीं पौड खोऱ्यासाठीं कोणी योजना आंखली, तर तिचें स्वागतच केलें पाहिजे.

परंतु योजनेंत छायाचित्रणयंत्रें, संगणक, प्रवास व परिषदा यांस सढळ तरतूद असून मोडी वाचणाऱ्यांसाठीं जवळजवळ कांहींच नाहीं. कागदाचें छायाचित्र म्हणजे कागदाचें वाचन नव्हे. न वाचलेल्या महजराचें छायाचित्र हें न वाचलेल्या महजराइतकेंच मुकें असतें, फक्त जागा कमी अडवितें. सहकारी संस्था म्हणून चार नांवें दिलीं आहेत. त्यांनीं कोणत्या समान आंखणीनें नोंद करावयाची, याचा नमुना एका पानाचाही नाहीं. तारीख शकाची लिहावी कीं सुहूर सनाची, पक्षकारांचीं नांवें मुळांतील लेखनाप्रमाणें द्यावीं कीं सुधारून, शिक्क्याचें वर्णन कोठें करावें, याविषयीं अक्षर नाहीं. परीक्षार्थ एक गांव आधीं करून पाहण्याची कल्पना नाहीं. मुदत तीन वर्षांची, आणि तीन वर्षांनंतर छायाचित्रें कोणाच्या ताब्यांत राहतील या रकान्यांत 'यथावकाश ठरविण्यांत येईल' असें आहे. घरमालकांचा उल्लेख 'लाभार्थी' म्हणून एकदां येतो. ज्यांचा कागद, ते लाभार्थी कसे, हें आम्हांस उमगलें नाहीं; लाभ होणार तो घेणाऱ्यांचा.

म्हणून ज्यांनीं विचारलें त्यांस आम्हीं सांगितलें कीं, रुमाल घराबाहेर जाऊं देऊं नयेत. छायाचित्र घरींच काढूं द्यावें, तेंही खालील गोष्टी लिहून मिळाल्यावर. प्रत्येक कागदाची यादी व छायाचित्रांची एक संपूर्ण प्रत त्याच दिवशीं मालकास मिळावी. आणखी एक प्रत पुण्यांतील, एक पुण्याबाहेरील संस्थेंत राहावी. ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें भांडारकर मंदिराची जी नासधूस केली ती पाहिल्यावर सर्व ठेव एका छपराखालीं असणें धोक्याचें आहे, हें वेगळें सांगावयास नको. मोडी वाचणाऱ्या दोघांस तरी पगारी काम असावें व प्रत्येक नोंदीखालीं वाचणाऱ्याचें नांव छापलें जावें. पहिल्या वर्षीं एकच गांव घ्यावें, त्याची यादी छापून मंडळाकडे व इतर जाणत्यांकडे धाडावी, आणि त्यांचे आक्षेप आल्यावरच दुसऱ्या गांवास हात लावावा.

हे शेरे योजनेच्या समासांत लिहून आम्हीं ती परत पाठविली आहे. सल्लागारांकडून एवढेंच कळलें कीं, पहिल्या वर्षीं एकच गांव धरल्यास द्रव्य देणाऱ्या संस्थेच्या छापील अर्जांतील 'अपेक्षित संख्या' हा रकाना भरतां येत नाहीं. त्या रकान्यांत काय लिहावें याचा खल सध्यां चालू आहे. तोंवर रुमाल माळ्यावर आहेत, आणि वाळवी लागूं नये म्हणून त्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्यास आम्हीं सांगितलें आहे.